बिनरंगी

अप्पांनी टॉवेल पिशवीतून काढला, उलगडला, दोन बोटांत धरून त्याचा काठ चोळून पाहिला आणि होती तशीच घडी घालून परत पिशवीत ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, आज भाजी कुठली असं विचारावं तसं, ते म्हणाले, "एवढ्यातच आणून ठिवलंस व्हय?" महेश्वरीला आधी काही कळलंच नाही. ती नुकतीच विमा कंपनीच्या ऑफिसातून आली होती, हेल्मेटचा वळ अजून कपाळावर होता, आणि होटगी रस्त्यावरच्या त्या मोठ्या दुकानातल्या गारव्यातून एकदम एप्रिलच्या उन्हात आल्यामुळे डोकं जड झालं होतं. "जुना विरला होता की अप्पा, म्हणून आणला," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. आधणाची वाट बघत ओट्याशी उभी असताना तिला मंद्रूपचं एक अंगण आठवलं. दोड्डप्पा, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ चनबसप्पा, गेले तेव्हा कुणीतरी बाजारातून कोरं कापड आणलं होतं; न धुतलेलं, न रंगवलेलं, बोंडातल्या कापसासारखं पिवळट. आणि त्या गर्दीत, रडारडीत, विभूतीच्या वासात अप्पांनी असाच दोन बोटांत त्या कापडाचा काठ धरून चोळला होता. आधण आलं. तिनं गॅस बारीक केला. एवढ्यातच, ते म्हणाले होते. एवढ्यातच आणून ठिवलंस. तिनं दूध ओतलं.

खरं तर वाचून घेण्याची सवय तिला अप्पांमुळेच लागली होती. तिची आई नागव्वा गेली आणि अप्पा जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर बघून डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता कुठलाही पुडा घरात आणायच्या आधी उलटा करून वाचायचा. तेव्हापासून ती दुकानात पुडे उलटे करू लागली. आधी साखर, मग मीठ, मग तेल कुठलं. आणि मग, नेमकं कधी ते तिला सांगता आलं नसतं, पान. बहुधा भांड्यांचा साबण होता तो. शेजारी शेजारी दोन वड्या, दोन्ही लिंबाच्या, एकीवर कोपऱ्यात एक हिरवं पान आणि पानाखाली 'नदीची मैत्रीण' असे दोन शब्द. तिचा हात आपोआप तिकडे गेला. तिला नवल वाटलं ते नंतरच्या भावनेचं. जिना चढताना कुणीतरी मागून येऊन हातातली जड पिशवी घ्यावी, तसं झालं. आपण ज्याचा विचार करायला हवा होता, तो कुणीतरी आधीच करून ठेवला आहे. आपण फक्त उचलायचं. त्यानंतर दात घासायचा ब्रश बांबूचा आला, फरशी पुसायचं औषध पान असलेलं आलं, अगरबत्तीच्या पुड्यावरसुद्धा पान. तिचा नवरा मंजुनाथ औषध कंपनीच्या कामानं बरेच दिवस टेंभुर्णीकडे फिरतीवर असायचा, एका रविवारी फडताळ उघडून तो म्हणाला, "एवढी पानं झालीत, आता एखादी शेळी बांधू या." ती हसली होती. पानं सगळी सारखी नसतात हे तिला ठाऊक होतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिनं वाचलं होतं, काही पानांच्या खाली बारीक नंबर असतो, ती तपासणी करून दिलेली. बाकीची नुसती चित्रं, ज्याला वाटेल त्यानं काढावीत. पण दुकानात हात नंबर बघत नाही. हात हिरवं बघतो. आणि तिला हेही ठाऊक होतं की आपण घरी येऊन नंबर शोधला आणि तो सापडला नाही, तरी वस्तू परत करायला आपण जात नाही.

टॉवेल ती कधी विकत घेईल असं तिला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. सोलापुरात टॉवेल विकत घेतात ते बाहेरचे. त्यांच्या घरी अप्पा आणायचे, 'सेकंड'मधले; कुठे धागा सुटलेला, कुठे रंग एकसारखा न बसलेला. अप्पा, शरणप्पा, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका डाईंगमध्ये रंगखात्यात होते. सुताच्या लडी गरम रंगाच्या हौदात सोडायच्या, काढायच्या, पुन्हा सोडायच्या, हे त्यांचं काम. घरी येत तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत त्या दिवसाच्या रंगाचे असत. साबणानं, राखेनं, लिंबानं, कशानंही तो रंग पूर्ण जायचा नाही. पहिल्याच्या वर दुसरा बसायचा. जेवताना ताटातली ज्वारीची भाकरी मोडणारे ते निळे, कधी किरमिजी हात तिला अगदी नैसर्गिक वाटत. दुसऱ्यांच्या वडिलांचे हात तिला अर्धवट राहिल्यासारखे वाटायचे. वस्तीच्या मागून नाला जायचा आणि तो डाईंगचा रंग घेऊन जायचा. सकाळी उठून पोरं धावत जायची, आज कुठला. पोपटी असेल तर आरडाओरडा, काळा असेल तर निराशा. उन्हात त्याच्यावर फेस चमकायचा. नागव्वा तिथून जाताना नाकाला पदर लावायची, पण नाल्याकडे एकदा बघून म्हणायची, "आज लाल चाललंय. ह्ये उशिरा येतील," कारण लाल पक्का व्हायला वेळ लागतो. म्हणजे नाला हे त्यांच्या घरातलं घड्याळही होतं. हे सगळं वाईट आहे असं तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे शाळेत पर्यावरणाच्या धड्यात जेव्हा सांगितलं, तेव्हा धड्यातला नाला दुसरा कुठलातरी असावा असं तिनं धरून चाललं होतं.

आज दुकानात त्या टॉवेलला दोऱ्यानं एक जाड तपकिरी कागद बांधलेला होता. त्यावर एक नाही, दोन पानं होती, आणि मराठीत छापलेलं होतं: या कापडाला रंग नाही, ब्लीच नाही. याच्यासाठी पाण्याचा एकही थेंब मैला झालेला नाही. ती ते वाचत उभी राहिली. शेजारी रंगीत टॉवेलांचा ढीग होता, डाळिंबी, मोरपंखी, शेंदरी, आणि क्षणभर तिला असं वाटलं की आपल्याला कुणीतरी बघतंय. मग तिनं बिनरंगाचा उचलला. किंमत बरीच जास्त होती. न केलेल्या गोष्टीची किंमत जास्त का, हा विचार मनात येऊन गेला, पण तो आला आणि गेला, आणि ती पैसे देऊन बाहेर पडली. वडिलांसाठी चांगली वस्तू घेतली, एवढंच तिच्या मनात होतं.

चहाचा कप अप्पांच्या हातात देऊन ती त्यांच्यासमोर बसली. वर पंखा फिरत होता. अप्पा बशीत चहा ओतून घेत होते. हात आता कापायचे, पण बशी त्यांनी सोडली नव्हती.

"अप्पा, तो टॉवेल... तसा नाही तो," ती म्हणाली. "मुद्दामच असा ठेवतात."

"कसा?"

"बिनरंगाचा. पाणी खराब होऊ नये म्हणून. लिहिलंय की त्याच्यावर." तिनं पिशवीतून टॉवेल काढला आणि तो तपकिरी कागद वाचून दाखवला. अप्पांनी कानामागे हात धरून ऐकलं.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"म्हंजे," अप्पा म्हणाले, "काम केलं न्हाय, असं लिवलंय."

तिला हसू आलं. अप्पाही हसले, बशी हलली, चहाचा एक थेंब धोतरावर पडला. मग हसणं ओसरलं आणि ते म्हणाले, "आन आमी केलं. म्हंजे आमी मैलं केलं, असं झालं की त्यातनं."

"असं कुठं लिहिलंय, अप्पा?"

"लिवलं न्हाय. पर कळतंय की."

इथे तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. तुमचा काळ वेगळा होता, तेव्हा कुणाला ठाऊक होतं, तुम्ही काय मालक होता का. अशी वाक्यं तिच्याजवळ तयार होती, ऑफिसात चिडलेल्या माणसांना समजावताना ती रोज अशी वाक्यं वापरायची. पण तिच्या तोंडून भलतंच आलं. "अप्पा, काशम्मा आठवतात तुम्हाला? तांब्या घेऊन आलेल्या?"

"आमचा न्हवता त्यो रंग," अप्पा म्हणाले.

ते अगदी लगेच म्हणाले. काल कुणी विचारलं आणि आज उत्तर द्यावं, इतकं ते ताजं होतं. मधली पस्तीस-छत्तीस वर्षं त्या तांब्याच्या आणि या उत्तराच्या मध्ये कुठेच दिसत नव्हती. अप्पांनी बशी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांकडे बघत राहिले, जणू तिथे काही चाललं होतं.

काशम्मांचा मळा नाल्याच्या खालच्या अंगाला होता. विहीर नाल्याच्या काठालाच. महेश्वरी तेव्हा तिसरी-चौथीत असेल. उन्हाळ्याची सुट्टी, सकाळची दहा-अकराची वेळ, अप्पा रात्रपाळी करून आलेले आणि ओसरीत झोपलेले. एक बाई आली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातात पितळी तांब्या. तिनं तो तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "प्या. तुमच्याच घरचं हाय." नागव्वा पुढे झाली. तांब्यात पाणी होतं आणि ते लाल होतं. रक्तासारखं नाही, कोकमाच्या सरबतासारखं, स्वच्छ, आरपार दिसणारं. महेश्वरीला ते इतकं सुंदर वाटलं की पिऊन बघावं असं मनात आलं. ही गोष्ट तिनं पुढे कुणालाही सांगितली नाही. बाई ओरडत नव्हती. विहिरीचं पाणी असं झालंय, जनावरं तोंड लावत नाहीत, वांगी करपली, एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "प्या की." मग अप्पा उठले. त्यांनी तांब्या उचलून उजेडात धरला, थोडं पाणी तळहातावर घेतलं, बोटांमधून गळू दिलं, आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हाय. आमचा लाल असा पिवळ्यावर मारत न्हाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता. नागव्वानं नळाच्या पाण्याची घागर भरून आणली आणि काशम्मांच्या कमरेवर दिली. एका बाजूला कमरेवर घागर, दुसऱ्या हातात तो लाल पाण्याचा तांब्या, हिंदकळू नये म्हणून सांभाळत त्या उन्हातून निघून गेल्या. अप्पा परत झोपले. पुढच्या वर्षी मळा विकला, असं ऐकलं. कुणी घेतला, त्या कुठे गेल्या, घरात कुणी विचारलं नाही.

महेश्वरीनं आता स्वतःला चाचपून पाहिलं, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं. राग होता का? नव्हता. लाज? तीही तिला सापडली नाही. मग आपण पानं का गोळा करतो, असा एक प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि त्याचं फार सोपं उत्तर समोर दिसत असूनही ते तिला खरं वाटेना. काशम्मा तिला साबण घेताना कधीच आठवल्या नव्हत्या. ब्रश घेताना नाही, टॉवेल घेतानाही नाही. त्या आता आठवल्या, अप्पांनी काठ चोळल्यावर. हात आधी हिरवं उचलतो आणि कारणं नंतर कुठून कुठून येऊन त्याच्याभोवती बसतात, असंच असावं. तिनं टॉवेल परत पिशवीत घातला. "उद्या बदलून आणते," ती म्हणाली. "रंगीत आणते."

"राहू दे," अप्पा म्हणाले. "हितंच ठेव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तरीही त्या दुकानात गेली. पिशवी बरोबर नव्हती, बदलण्याचा प्रश्न नव्हता. बघून तरी ठेवू, असं तिनं स्वतःला सांगितलं. टॉवेलांच्या रांगेत ती डाळिंबी रंगाचा एक टॉवेल उलटा करून बघत होती, तर त्यालाही कागद होता आणि कागदावर पान होतं, जरा वेगळं, थेंबाच्या आकाराचं. खाली लिहिलेलं, जलस्नेही रंग. नंबर होता की नव्हता, ते बघायला तिनं चष्मा पुढे ओढला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमी वाचायलाय म्हणून इचारते, ह्ये पान असलेलं चांगलं असतंय का हो?" बाई साठीच्या असाव्यात, हातात सुनेनं दिलेली यादी असावी तसा मोबाईल धरलेला. महेश्वरीनं चष्मा परत मागे सारला. काय सांगायचं? नंबर असलेलं आणि नसलेलं, तपासलेलं आणि नुसतं काढलेलं, रंग असलेलं, रंग नसलेलं, आणि रंग नसलेलं बघून मरण आठवणारा एक म्हातारा. "असतं की," ती म्हणाली. "चांगलं असतं." बाईंनी लगेच त्या टॉवेलांमधला एक उचलून टोपलीत टाकला. वाचला नाही, उलटा केला नाही. आणि महेश्वरीला त्यांच्या चेहऱ्यावर तो सैलपणा दिसला, जो आजवर तिनं फक्त आतून अनुभवला होता. खांदे किंचित उतरले, कपाळावरची आठी गेली. कुणीतरी पिशवी घेतली होती. आणि ते कुणीतरी म्हणजे आपण, हे तिच्या लक्षात आलं. बाई "बरं झालं बाई" असं म्हणून पुढे गेल्या. ती काही न घेता बाहेर पडली.

संध्याकाळी घरी आली तर जिन्यातच वास आला. गरम, खारट, ओल्या लोखंडासारखा. पायऱ्या चढताना तो वास ओळखायला तिला वेळ लागला नाही, फक्त आपण कुठे चढतोय हे क्षणभर कळेना. अप्पा कामावरून आल्यावर त्यांचे कपडे नागव्वा दोरीवर वेगळे टाकायची, त्या कपड्यांजवळून जाताना यायचा तो वास. दार उघडंच होतं. बाथरूममध्ये अप्पा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, अंगात बनियन, हात कोपरापर्यंत लाल. समोर पाणी तापवायचं मोठं पातेलं, बादली, आणि नळावर लोंबणारा, थेंब थेंब गाळणारा, डाळिंबी झालेला कालचा टॉवेल.

"रिक्षानं गेलतो," अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "मधल्या मारुतीपाशी, बाजारात. अजून मिळत्यात रंगाच्या पुड्या."

"एकटे गेलात? या उन्हात?"

"आधी खळ उकळून काढली. लई खळ होती. मीठ तुझ्या डब्यातलं घेतलं, संपलं सगळं."

तिनं टॉवेल हातात घेतला. रंग एकसारखा बसला नव्हता. मध्ये गडद, कडेला फिका, एका कोपऱ्यात तर बोटभर जागा तशीच पिवळट राहिलेली. घडीच्या रेघेवर काळपट पट्टा. अप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगला झालाय की," ती म्हणाली.

"न्हाय. सारखं हलवत राहायला लागतंय. हात थांबला की डाग धरतोय." त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून बघितले. "सेकंडात जाईल ह्यो."

तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं जे तिनं नागव्वा गेल्यापासून बघितलं नव्हतं. ती त्यांना हात देऊन उठवायला वाकली, पण ते उठेनात. त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. बादलीत उरलेलं पाणी होतं, अर्ध्याच्या वर, गडद, बाथरूमच्या दिव्याचा गोळा त्यात तांबडा दिसत होता.

"ह्ये कुटं टाकू?"

"ओता की तिथंच. मोरीत."

"मोरीतनं कुटं जातंय?"

"खाली. ड्रेनेजला."

"आन तितनं?"

पाइप इमारतीच्या मागच्या भिंतीवरून खाली जातो हे तिनं बघितलं होतं. पार्किंगमध्ये लोखंडी झाकण आहे, तेही. त्याच्यापुढे रस्ता. त्याच्यापुढे? कुठला साबण कुठल्या नदीची मैत्रीण आहे हे तिला सांगता आलं असतं. तो साबण रोज ज्या भोकातून जातो ते कुठे उघडतं, हे तिनं या फ्लॅटमधल्या चौदा वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. "असेल पालिकेचं काहीतरी," ती म्हणाली, आणि ते वाक्य म्हणतानाच तिला पोकळ वाटलं.

"तितं डाईंगात एक दांडा होता," अप्पा म्हणाले. "ओढला की हौद रिकामा. पाणी आपसूक जायाचं. मग दुसरा भरायचा." लाल पंजा त्यांनी गुडघ्यावर ठेवला होता. "नाला दिसायचा की रोज. फुडं कुटं जातोय ते बगायला मी कदी गेलो न्हाय."

त्यांनी पाणी ओतलं नाही. तिनंही ओतलं नाही. मंजुनाथ फिरतीवरून आला तेव्हा बादली बघून म्हणाला, "एक बादली तर आहे. आख्खं शहर काय काय ओततं रोज. ओता आणि मोकळे व्हा." त्यात खोटं काहीच नव्हतं. एका बादलीनं काही होत नाही, आणि एका टॉवेलनंही काही होत नाही, हे एकच वाक्य होतं. फक्त मोरीत ओतताना तिनं आजवर त्याचा पहिला अर्धा भाग वापरला होता; दुकानात दुसरा अर्धा कधी आठवला नव्हता. ती त्याला "बघू" म्हणाली. सकाळी तिनं बादली उचलली आणि गच्चीवर निघाली. अप्पा मागून कठडा धरून एकेक पायरी चढत आले. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, जिथे दिवसभर सावली येत नाही, तिथे तिनं ती ठेवली. सोलापूरच्या उन्हात पाण्याचं काय होतं हे सांगावं लागत नाही.

पाणी उतरू लागलं. रोज थोडं, बादलीच्या आतून एकेक लाल रेघ मागे ठेवत. सोसायटीचे सेक्रेटरी भीमाशंकर टाकी बघायला आले होते, त्यांनी जिन्यात तिला अडवलं. "मॅडम, वर बादली तुमची का? काय वाळत घातलंय?"

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी वाळत घातलंय?"

"हो. चार दिवस राहू द्या."

नंतर लिफ्टमध्ये ते तिच्याशी जरा जपून बोलू लागले. अप्पा रोज सकाळी ऊन चढायच्या आत वर जाऊन यायचे. अंघोळीनंतर तोच टॉवेल गळ्याभोवती टाकायचे. रंग कच्चा राहिला होता, मानेवर गुलाबी झाक उतरायची, आणि उशीच्या अभ्र्यावरही. तिनं अभ्रा बदलला. महिन्याचं सामान आणायला ती गेली तेव्हा तिनं साबण घेतला, तोच, पानवाला, उलटा केला, नंबर बघितला, नंबर होता, टोपलीत टाकला. खांदे उतरायची तिनं थोडी वाट पाहिली. मग पुढच्या रांगेत गेली.

रविवारी अप्पा दुपारीही वर गेले आणि लवकर खाली आले नाहीत म्हणून ती बघायला गेली. ते टाकीच्या आडोशाला पायरीवर बसले होते. बादली त्यांच्या पायांशी होती, कोरडी. तळाला एक गडद पापुद्रा, चिरा पडलेला, तळ्याचा गाळ वाळावा तसा.

"झालं," अप्पा म्हणाले, आणि बादली तिच्याकडे तिरकी केली. मूठभरही नव्हतं. तिनं वाकून बघितलं आणि मग उभी राहून कठड्यापलीकडे नजर टाकली. ऊन इतकं पांढरं होतं की शहर नीट दिसतच नव्हतं. टाक्या, गच्च्या, लांबवर कारखान्याची एखादी चिमणी, त्याच्यापुढे नुसती धूळ.

"काशम्मांचा मळा कुठल्या बाजूला होता, अप्पा?" तिनं विचारलं.

अप्पांनी विचार केला नाही, इकडेतिकडे बघून दिशा लावली नाही. बसल्या जागेवरून त्यांनी हात सरळ वर उचलला आणि दाखवलं. हात कापत होता, पण बोटाची दिशा हलली नाही, आणि बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही. ती त्या बाजूला बघत राहिली. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

"जाऊन यायचं का?"

"काय बगायचं तितं आता." त्यांनी हात खाली घेतला, टॉवेलनं मान पुसली. खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग ते कठड्याला धरून उठले आणि जिन्याकडे वळताना, तिच्याकडे न बघता म्हणाले, "ऊन उतरू दे."